सेट टॉप बॉक्स घरच्या कॉम्प्युटरला जोडायचाय? आधी पिवळी वायर शोधा

आमच्या रामबागेतल्या घरी टीव्हीखाली एक छोटा जुना कॉम्प्युटर बसवलेला आहे, त्यात गाणी, फोटो, काकाच्या लग्नाची कॅसेटवरून उतरवलेली फाइल, सगळं एका ठिकाणी. आजीचं म्हणणं एकच होतं की मला त्या डब्यात माझी मराठी चॅनल पण पाहिजेत, आणि दुपारचं कीर्तन झोपेत निघून गेलं तर संध्याकाळी परत बघता आलं पाहिजे. इंदूरमध्ये राहून घरात मराठी कानावर पडत राहणं तिच्यासाठी किती मोठी गोष्ट आहे ते आम्हाला माहीत आहे, म्हणून मी हे मनावर घेतलं. आता लोकमान्य नगर, सुदामा नगर इकडची चार-पाच घरं मला हेच विचारून राहिलीत, तर एकदाचं सगळं नीट लिहून टाकतो. ज्यांनी कधी केलं नाही त्यांच्यासाठीच आहे हे, त्यामुळे घाई करू नका आणि काहीही विकत घ्यायच्या आधी पूर्ण वाचा.

आधी हे ठरवा की तुम्हाला नक्की करायचंय काय

फक्त बघायचं असेल, रेकॉर्ड वगैरे काही नाही, तर कॉम्प्युटरला बॉक्स जोडूच नका. टीव्हीला मागे दोन-तीन एचडीएमआय असतात, एकात बॉक्स लावा, दुसऱ्यात कॉम्प्युटर लावा, आणि टीव्हीच्या रिमोटचं सोर्सवालं बटण सगळ्यांना शिकवा. पिक्चर फुल एचडी राहतो आणि काही बिघडायला जागाच नाही. खरं सांगतो, निम्म्या घरांचं काम इथेच होऊन जातं.

रेकॉर्ड करायचं असेल, किंवा बॉक्स बैठकीत आणि बघणारा माणूस आतल्या खोलीत लॅपटॉपवर, असं काही असेल तरच पुढे या. मग दोन रस्ते आहेत. महिन्याला रिचार्ज करावा लागणारा बॉक्स असेल तर त्याच्या एव्ही आउटमधून, म्हणजे मागच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल भोकांमधून, पिक्चर कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा. आणि डीडी फ्री डिश असेल तर बॉक्स बाजूला ठेवून डिशची वायर सरळ कॉम्प्युटरच्या ट्यूनर कार्डाला (डिशचा सिग्नल कॉम्प्युटरमध्ये घेणारं कार्ड) लावता येते. रिचार्जवाल्या डिशची वायर ट्यूनर कार्डाला लावून काही होत नाही, कारण ती चॅनल लॉक होऊन येतात आणि ते लॉक उघडायची सोय त्या कंपनीच्या बॉक्समध्येच असते. हे न समजल्यामुळे लोक ट्यूनर कार्ड घेऊन बसतात आणि मग चॅनलची नावं तेवढी दिसतात, पिक्चर काही येत नाही.

एचडीएमआयचा मोह सोडा

माझी पहिली चूक हीच झाली. मी एचडीएमआय कॅप्चरवाला छोटा यूएसबी डोंगल आणला, बॉक्सची वायर त्यात घातली, आणि स्क्रीन काळी. वायर बदलली, पोर्ट बदलला, पूर्ण रविवार गेला. डोंगल चांगलाच होता, फॉल्ट त्यात नव्हताच. सेट टॉप बॉक्सच्या एचडीएमआयमधून जो पिक्चर निघतो त्याच्यावर एचडीसीपी नावाचं कुलूप असतं, टीव्हीकडे त्याची किल्ली असते, कॅप्चर डोंगलकडे नसते, म्हणून टीव्हीवर दिसतं आणि कॉम्प्युटरवर काळं. दुकानदाराला हे विचाराल तर तो "हो भैया, सब चलेगा" म्हणेल, कारण लॅपटॉप किंवा कॅमेरा लावून बघितला तर तो डोंगल खरोखर चालतो. ते कुलूप तोडायचे उपाय लोक सांगतात, मी त्या वाटेला गेलो नाही आणि तुम्हालाही पाठवणार नाही.

त्याऐवजी बॉक्सच्या मागे तीन रंगांची भोकं बघा, पिवळं पिक्चरचं, पांढरं आणि लाल आवाजाचं. हे जुनं साधं एव्ही. पिक्चर एचडी येत नाही, ७२० बाय ५७६ येतो, म्हणजे जुन्या टीव्हीसारखा, पण कीर्तन, बातम्या, नाटक, मालिका बघायला एकदम ठीक आहे. आजीने आजवर एकदाही धुरकट दिसतं म्हणून तक्रार केलेली नाही.

नवीन बॉक्सला बरेचदा तीन भोकं नसतात, एकच गोल हेडफोनसारखं भोक असतं आणि त्यावर एव्ही लिहिलेलं असतं. त्याला एका टोकाला चार पट्ट्यांची पिन आणि दुसऱ्या टोकाला तीन रंग अशी वायर लागते. इथे एक भानगड आहे, या वायरींमध्ये आतली जोडणी सगळ्यांची सारखी नसते. त्यामुळे पिवळी लावून पिक्चर नाही आला आणि आवाजात नुसती भर्र ऐकू आली तर वायर फेकू नका, पिवळ्याच्या जागी लाल लावून बघा, मग पांढरी. नुसती अदलाबदल करून पिक्चर आलाय असं दोन घरी माझ्या समोर झालंय.

सामान काय आणायचं

जेल रोडला किंवा महाराणी रोडला गेलात तर सगळं मिळून जातं, पण मागताना "यूएसबी एव्ही कॅप्चर" असं मागा, नुसतं "टीव्ही कार्ड" म्हणालात तर भलतंच हातात देतात. ही एक बोटाएवढी काडी असते, एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला पिवळं-पांढरं-लाल आणि एक काळं गोल एस-व्हिडिओ. बाजारात याला इझीकॅप म्हणतात, डब्यावर नाव काहीही असो. बाहेरून सगळ्या सारख्या दिसतात पण आत चिप वेगवेगळी असते. लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) वापरत असाल तर एसटीके ११६० किंवा यूएसबीटीव्ही ००७ चिपवाली घ्या, त्यांचा ड्रायव्हर, म्हणजे काडी ओळखणारं सॉफ्टवेअर, लिनक्सच्या आतच असतो, लावली की चालते. विंडोजवर डब्यातली सीडी लागेल, आणि आजकाल कोणाकडे सीडी ड्राइव्ह नसतो, म्हणून दुकानातच विचारून घ्या की ड्रायव्हर कुठून डाउनलोड करायचा, आणि जमलं तर लॅपटॉप घेऊन जा आणि तिथेच लावून बघा.

एव्हीची वायर नर-नर असावी, दोन्हीकडे पिना. दीड मीटर पुरते. लांब वायर घेऊ नका, पिक्चरमध्ये सावली येते.

जोडणी

सगळं बंद करा, बॉक्स पण, कॉम्प्युटर पण, बोर्डावरून. हे मी उगाच सांगत नाही. डिशच्या वायरीचं बाहेरचं धातूचं टोक आणि कॉम्प्युटरची बॉडी एका वेळी धरली तर हाताला झिणझिण्या येतात, अर्थिंग नीट नसलेल्या जुन्या वाड्यांमध्ये तर जास्तच, आणि तेच करंट यूएसबी पोर्ट पण जाळू शकतं. दोघांचे प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डात लावा. दोन वेगळ्या खोल्यांतून लाइन घेतली की आवाजात सतत हंऽऽऽ अशी गुणगुण येते आणि लोक समजतात स्पीकर खराब झाला.

मग रंगाला रंग लावा. काडी कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टात सरळ लावा, चार तोंडांच्या हबमध्ये नको. कारण ही काडी पिक्चर दाबून छोटा करून पाठवत नाही, कच्चाच पाठवते. हिशोब करा, ७२० गुणिले ५७६, प्रत्येक ठिपक्याला २ बाइट, सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे सेकंदाला जवळपास २० एमबी. त्याच हबवर पेन ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क असेल तर पिक्चर तुटणारच.

आता बॉक्स चालू करून त्याच्या सेटिंगमध्ये जा आणि तीन गोष्टी बघा. व्हिडिओ आउटपुट पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत) असू द्या. टीव्हीचा आकार १६:९ ठेवा. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, ऑटो स्टँडबाय किंवा पॉवर सेव्हिंग असं काही असेल तर बंद करा. बरेच बॉक्स काही तास रिमोटचं बटण दाबलं नाही की आपोआप झोपतात. आषाढी एकादशीला पंढरपूरची पूजा पहाटे दाखवतात, ती आजीसाठी रेकॉर्डला लावून मी रात्री झोपलो, आणि सकाळी उघडलं तर साडेचार तासांची काळी फाइल. आजी काही बोलली नाही, पण तिने सकाळीच अंघोळ करून समई लावून ठेवली होती. तेव्हापासून कोणाच्याही घरी गेलो की मी पहिले हीच सेटिंग बंद करतो.

पिक्चर आणायचा कसा

पहिल्या वेळी व्हीएलसी प्लेअरमध्येच बघा, फुकट आहे, सगळ्यांकडे असतं. मीडिया मेनूमध्ये ओपन कॅप्चर डिव्हाइस आहे, ते उघडा. विंडोजवर कॅप्चर मोड डायरेक्ट शो, लिनक्सवर व्हिडिओ कॅमेरा. व्हिडिओच्या खान्यात काडीचं नाव निवडा, लॅपटॉप असेल तर तिथे आधीपासून वेबकॅम बसलेला असतो आणि तुमचाच चेहरा दिसतो, तेव्हा खालचं दुसरं नाव निवडा. ऑडिओच्या खान्यात पण काडीचंच नाव वेगळं निवडायचं असतं, हे नव्वद टक्के लोक विसरतात आणि मग पिक्चर आला, आवाज नाही म्हणून फोन करतात. पिक्चर आणि आवाज कॉम्प्युटरला दोन वेगळी उपकरणं म्हणून दिसतात, म्हणून दोनदा सांगावं लागतं.

पुढचं मी बिघाडावरून सांगतो, सोपं जाईल. स्क्रीन पूर्ण निळी किंवा काळी असेल तर इनपुट एस-व्हिडिओवर असेल, ते कंपोझिट (म्हणजे पिवळी वायर) करा. पिक्चर वर-वर सरकतोय किंवा रंगच नाही, काळा-पांढरा दिसतोय, तर स्टँडर्ड एनटीएससी (अमेरिकेची टीव्हीची पद्धत) झालेलं आहे, ते पाल करा, ही काडी बरेचदा अमेरिकेच्या हिशोबानेच सुरू होते. माणसं उंच आणि बारीक दिसत असतील तर व्हीएलसीच्या व्हिडिओ मेनूत आस्पेक्ट रेशो १६:९ करा. कोणी हात हलवला की हाताला कंगव्यासारखे दाते दिसतात, तेव्हा डीइंटरलेस ऑन करून याडिफ २एक्स निवडा, कारण टीव्हीचा पिक्चर अर्धा-अर्धा करून ५० तुकड्यांत येतो आणि कॉम्प्युटरला ते जोडायला सांगावं लागतं. क्रिकेट बघणाऱ्यांनी तर हे केलंच पाहिजे, नाहीतर बॉलच दिसत नाही.

सगळं जमलं की व्हीएलसीची प्लेलिस्ट सेव्ह करून डेस्कटॉपवर ठेवा, नाव साधं द्या, "टीव्ही". रोज रोज मेनू उघडायला नको.

रेकॉर्डिंग

रेकॉर्डसाठी मी ओबीएस स्टुडिओ हे फुकट सॉफ्टवेअर वापरतो. त्यात सोर्स म्हणून व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस जोडा, रिझोल्यूशन हाताने ७२० बाय ५७६ द्या, आणि सोर्सवर राइट क्लिक करून डीइंटरलेसिंग लावा. फॉरमॅट एमकेव्ही ठेवा, एमपी४ नको. मध्येच लाइट गेली तर एमपी४ची फाइल उघडतच नाही, एमकेव्ही जिथपर्यंत झालं तिथपर्यंत चालते. मे-जूनच्या वादळाच्या दिवसांत याचा किती फायदा होतो ते सांगायला नको. बिटरेट (सेकंदाला किती डेटा लिहायचा तो आकडा) २५०० केबीपीएस ठेवला तर तासाला साधारण एक जीबीच्या थोडं वर जातं, म्हणजे ५०० जीबीच्या जुन्या हार्ड डिस्कवर पण चारशेच्या आसपास तास मावतात. जास्त ठेवून उपयोग नाही, मुळात पिक्चरमध्ये तेवढं नसतंच.

आवाज ओठांच्या मागे-पुढे जात असेल तर ओबीएसमध्ये ऑडिओला सिंक ऑफसेट द्यायची जागा आहे, पन्नास-पन्नास मिलिसेकंद वाढवत बघा. बातम्या वाचणाऱ्या बाईंच्या तोंडाकडे बघून लावा, गाण्यात कळत नाही. आणि एक, हे रेकॉर्डिंग घरात बघण्यासाठी आहे, ते इकडेतिकडे टाकू नका.

चॅनल कोण बदलणार?

इथपर्यंत सगळे येतात आणि इथे अडकतात. कॉम्प्युटरमध्ये पिक्चर येतोय, पण चॅनल बदलायला बॉक्सच्या पुढे जाऊन रिमोट दाबावा लागतो. रात्रीचं रेकॉर्डिंग लावलं आणि कोणी चॅनल बदलून झोपलं तर झालंच.

याला उपाय आयआर ब्लास्टर, म्हणजे कॉम्प्युटर किंवा मोबाइलच्या सांगण्यावरून रिमोटसारखाच इन्फ्रारेड उजेड सोडणारी वस्तू. आधी तुमचा रिमोट इन्फ्रारेडवाला आहे का ते बघा, मोबाइलचा समोरचा कॅमेरा चालू करा, रिमोटचं तोंड त्याच्याकडे करून बटण दाबा, स्क्रीनवर जांभळा-पांढरा उजेड लुकलुकला तर आहे. मागच्या कॅमेऱ्यावर बरेचदा दिसत नाही कारण त्यात फिल्टर असतो. काहीच लुकलुकलं नाही आणि रिमोट मात्र भिंतीआडून पण चालतो, तर तो ब्लूटूथवाला आहे आणि हा रस्ता तुमच्यासाठी नाही.

नवशिक्यांनी वाय-फायवाला ब्लास्टर घ्यावा, गोल डबी असते, त्याच्या अॅपमध्ये रिमोटची बटणं एकेक करून शिकवायची. लावताना घरचं वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झवर असलं पाहिजे, ५ वर या डब्या दिसतच नाहीत. ज्यांना लिनक्स येतं त्यांनी लर्क (LIRC) हे रिमोटचं सॉफ्टवेअर वापरा, त्यासोबत वायरीच्या टोकाला छोटा एलईडी असलेला ब्लास्टर लागतो. तो बॉक्सच्या तोंडावर बरोबर जागी चिकटवावा लागतो. ती जागा शोधायची तर खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बॉक्सच्या काळ्या पट्टीवर फिरवा, प्लास्टिकच्या मागे वाटाण्याएवढा गोल डोळा चमकतो. एलईडी त्यावर ठेवून वरून काळी इलेक्ट्रिकची टेप लावा, म्हणजे बाहेरचा उजेड मध्ये येत नाही.

चॅनल नंबरचे आकडे पाठवताना मध्ये जरा थांबायला लावा, अर्धा सेकंद पुरतो. न थांबता एक-दोन-शून्य-पाच पाठवलं तर बॉक्स मधला एखादा आकडा गिळून टाकतो आणि भलतंच चॅनल लागतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. पिक्चर थोडा कमी-जास्त चालतो, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एका बटणावर आपलं चॅनल लागलं नाही तर ते माणूस दुसऱ्या दिवशी मागायचंच सोडून देतं. आमच्याकडे अॅपमध्ये फक्त पाच मोठी बटणं ठेवलीत, त्यावर मराठीत नावं, बाकी सगळं लपवलंय.

फ्री डिशवाल्यांसाठी

तुमचं काम जास्त चांगलं होतं, कारण इथे कुलूप नसलेली चॅनल सरळ डिजिटलच येतात, एव्हीच्या वायरीतून येताना पिक्चर खराब व्हायचा प्रश्नच नाही, आणि सह्याद्री पण यावर आहे. डीव्हीबी-एस२ चं (डिशच्या सिग्नलची डिजिटल पद्धत) यूएसबी किंवा पीसीआय ट्यूनर कार्ड लागेल. खाली सांगितलेलं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवायचं आहे, म्हणून कार्ड घ्यायच्या आधी त्याचं मॉडेल लिनक्सवर चालतं का ते नक्की तपासा. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला, इंदूरहून तो आग्नेयेच्या थोडा दक्षिणेकडे येतो, कंपासवर १४० च्या जवळ, आणि उंची साधारण ५७ अंश. डिश मात्र एवढी आकाशाकडे बघताना दिसणार नाही, ऑफसेट डिश असते ती, उभीच वाटते, म्हणून कोणी उगाच वर उचलू नका.

सॉफ्टवेअर टीव्हीहेडएंड, ते कार्डातून चॅनल घेऊन रेकॉर्ड करतं आणि ब्राउझरमध्ये ९९८१ पोर्टवर (पत्त्याच्या शेवटी :९९८१) उघडतं. त्यात आधी ट्यूनर चालू करा, मग डीव्हीबी-एस नेटवर्क बनवा, एलएनबी (डिशच्या दांडीच्या टोकावरचा, सिग्नल पकडणारा भाग) युनिव्हर्सल द्या, फ्रिक्वेन्सीची ताजी यादी प्रसार भारतीच्या साइटवरून घ्या, स्कॅन होऊ द्या आणि सापडलेली चॅनल मॅप करा, म्हणजे यादीत घ्या. मग कोडी या टीव्हीवर बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये टीव्हीहेडएंडचं अॅडऑन चालू केलं की चॅनलची यादी, रेकॉर्ड बटण, सगळं एका स्क्रीनवर. यादीत काही चॅनल लॉकवाली पण दिसतील, ती काढून टाका.

एकच काळजी. एका एलएनबीची वायर फोडून बॉक्स आणि कार्ड दोघांना देऊ नका. कार्ड एलएनबीला कधी १३ व्होल्ट देतं कधी १८, त्यावरूनच उभी-आडवी पोलॅरिटी (सिग्नलच्या लहरींची दिशा) बदलते, दोघं वेगवेगळं मागायला लागले की दोघांचंही चॅनल जातं. दोन तोंडांचा एलएनबी मिळतो, तो लावा आणि दोन वेगळ्या वायरी खाली आणा.

डिशची वायर आरजी-६ जातीचीच घ्या, आणि भिंतीतून आत यायच्या आधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी त्या झोलावरून गळून जातं, वायरीवरून घरात कार्डापर्यंत येत नाही. जोराच्या पावसात पिक्चर थोडा वेळ जाणारच, तेव्हा डिश हलवायला गच्चीवर चढू नका, पाऊस थांबला की आपोआप येतो. आकाशात वीज चमकायला लागली की मात्र उठून डिशची वायर कार्डाच्या मागून काढून ठेवा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. ती वायर कुठली ते घरातल्या सगळ्यांना कळावं म्हणून आम्ही तिच्या टोकाला लाल दोरा बांधून ठेवलाय.